नावं गेली, हात राहिले

मराठी घरांत ‘ऑडी’ हा शब्द शिरला तो क्रिकेटच्या दारानं. १० मार्च १९८५ ला मेलबर्नच्या मैदानावर भारतानं पाकिस्तानला हरवून बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली, मुंबईचा रवी शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरला आणि बक्षिसाच्या ऑडी १०० मध्ये जो तो मिळेल तिथं बसून संघानं मैदानाला फेरी मारली. टीव्हीसमोर बसलेल्या दादर-माटुंग्यातल्या आणि सदाशिव पेठेतल्या पोरांना गाडीच्या नाकावरची चार कडी तेव्हापासून पाठ झाली. त्या कड्यांचं गाव कोणतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर ‘इंगोलश्टाट, पश्चिम जर्मनी’ असं उत्तर मिळालं असतं आणि ते अर्धंच खरं ठरलं असतं. चारांपैकी दोन कडी जिथं जन्मली ते गाव पोलादी पडद्याआड होतं. सॅक्सनीतलं त्स्विकाऊ. शास्त्रीची ऑडी जगानं पाहिली त्या वर्षी याच गावातून २६ अश्वशक्तीची, निळा धूर सोडत धावणारी त्राबांट बाहेर पडत होती, आणि ती मिळवण्यासाठी माणसं दहा-दहा वर्षं रांगेत होती. ऑडी आणि त्राबांट एकाच वंशाच्या आहेत, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर दोन्ही जर्मनींत हशा पिकला असता.

आज त्स्विकाऊत गेलेल्या माणसाला हे नातं डोळ्यांनी पाहता येतं. एरवी पर्यटक इथं येतो तो संगीतकार रॉबर्ट शूमानचं जन्मघर पाहायला, कारण शूमान १८१० मध्ये इथं जन्मला. पण शहराच्या उत्तरेकडे ऑडीश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर विटांच्या जुन्या इमारतींचा एक पुंजका आहे. ऑडीचा पहिला कारखाना तो हाच. त्यातच आता आउगुस्ट होर्ख संग्रहालय आहे. २००४ साली ते या वास्तूत उघडलं, २०१७ साली वाढवलं गेलं. मालकी त्स्विकाऊ शहर आणि ऑडी कंपनी यांची, निम्मी-निम्मी. श्टुटगार्टला मर्सिडीज आणि पोर्शे यांनी संग्रहालयासाठी नव्या झगमगीत इमारती बांधल्या. इथं ज्या छपराखाली गाड्या बनल्या त्याच छपराखाली त्या उभ्या आहेत. कारखान्याच्या आवारातलं होर्खचं घरही राखलेलं आहे. मालक कामापासून किती पावलांवर राहत होता, ते चालून पाहता येतं.

हा होर्ख लोहाराचा मुलगा. मोझेल नदीकाठच्या विनिंगेनमध्ये १८६८ साली जन्मला. मानहाइमला खुद्द कार्ल बेंझच्या हाताखाली तीन वर्षं गाड्या बनवल्या आणि १८९९ मध्ये कोलोनला स्वतःचं दुकान थाटलं. भांडवलाच्या शोधात तो पूर्वेकडे सरकत गेला, आधी राइशेनबाख, मग १९०४ साली त्स्विकाऊ. या गावात कोळसा होता, आसपास कापडाच्या गिरण्या आणि यंत्रांचे कारखाने होते. त्यामुळे पैसा लावणारे लोक होते आणि लेथवर हात बसलेले कारागीरही होते. मोटारीला आणखी काय लागतं?

स्वभावानं होर्ख अभियंता, आणि अभियंत्याचा हट्ट हिशेबाच्या वहीत मावत नाही. संचालक मंडळाशी त्याचं बिनसलं. १९०९ साली तो स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडला आणि महिन्याभरात त्याच गावात दुसरा कारखाना काढून बसला. जुन्या कंपनीनं दावा लावला. ‘होर्ख’ हे नाव कंपनीचं, होर्खचं नव्हे, असा निकाल लागला. भागीदाराच्या घरी नव्या नावाचा खल चालू असताना लॅटिनचा अभ्यास करत बसलेल्या त्याच्या मुलानं होर्खच्या नावाचं लॅटिन रूप सुचवलं, ‘ऑडी’. १९१० पासून गाड्यांवर ते नाव लागलं. ही गोष्ट ऑडीच्या जाहिरातींनी इतकी सांगितली आहे, की तिच्यातला बोचरा भाग कुणाच्या लक्षात येत नाही. नाव माणसापासून तोडून घेता येतं, विकता येतं, कोर्टात जिंकता येतं. होर्ख रिकाम्या हातानं निघाला तरी त्याचे हात रिकामे नव्हते. त्याच्याबरोबर त्याची विद्या आली, माणसं आली. १९१२ ते १९१४ च्या आल्प्स पर्वतातल्या खडतर शर्यतींत या नव्या कंपनीच्या टाइप सी गाडीनं अशी कामगिरी केली, की तिला ‘आल्प्सविजेती’ असंच म्हणू लागले.

एकाच गावात, थोड्याच अंतरावर, एकाच माणसानं काढलेले दोन प्रतिस्पर्धी कारखाने. पुढचा शंभर वर्षांचा इतिहास या दोन आवारांभोवती फिरतो.

संग्रहालयात शिरल्यावर डोळे आधी होर्खच्या गाड्यांवरच जातात. १९२६ साली होर्ख कंपनीनं एका ओळीत आठ सिलिंडर असलेलं इंजिन बाजारात आणलं. त्याचा रचनाकार पाउल डाइमलर, म्हणजे मोटारीच्या आद्य जनकांपैकी गॉटलीब डाइमलरचा मुलगा. आठ सिलिंडर ओळीनं बसवायचे म्हणजे बॉनेट लांबलचक होणारच. तीस सालानंतरची होर्ख ८५३ पाहिली तर अर्धी गाडी बॉनेटच आहे. वळणदार मडगार्ड, परातीएवढे दिवे, चामड्याच्या गाद्या. ही बड्यांची गाडी होती, आणि नाझी राजवटीतल्या अधिकाऱ्यांचीही लाडकी होती. या गाड्यांभोवती त्या काळातला रस्ता उभा केला आहे, दुकानं आहेत, जुना पेट्रोलपंप आहे. लोक फोटो काढतात ते इथं.

पण या गावाची खरी कहाणी शेजारच्या बुटक्या, साध्या गाडीत आहे. तिचं नाव डीकेडब्ल्यू एफ-१.

यॉर्गेन स्काफ्टे रासमुसेन हा डेन्मार्कचा माणूस. जवळच्या चोपाऊ गावात त्यानं डीकेडब्ल्यू नावानं मोटरसायकली काढल्या आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो जगातला सर्वांत मोठा मोटरसायकल कारखानदार झाला. १९२८ मध्ये त्यानं तोट्यात गेलेली ऑडी विकत घेतली. १९३० साली तो ऑडीच्या आरेखन विभागात आला आणि फर्मावलं: मोटरसायकलचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन घ्या, पुढची चाकं ओढतील अशी छोटी गाडी काढा, आणि दीड महिन्यात काढा. अभियंत्यांनी इंजिन आडवं बसवलं. त्यामुळे इंजिन, गिअर आणि डिफरन्शियल एका मुठीत आले आणि मागचा लांब शाफ्ट गेला. सांगाडा लाकडाचा, त्यावर नकली चामडं. १९३१ च्या फेब्रुवारीत गाडी बर्लिनच्या प्रदर्शनात उभी राहिली. पुढच्या दहाएक वर्षांत त्स्विकाऊतून अशा दोन लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना जोर ही रचना आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत असते. मारुती ८०० मध्येही तीच होती.

महामंदीनं सॅक्सनीतल्या मोटारधंद्याचं कंबरडं मोडलं, तेव्हा राज्याच्या बँकेनं ऑडी, होर्ख, डीकेडब्ल्यू आणि वांडरर या चौघांची मोट बांधली. २९ जून १९३२ ला ऑटो युनियन जन्मली, आणि चार कंपन्यांची चार कडी एकात एक अडकली. नव्या कंपनीला नाव गाजवायचं होतं. फर्डिनांड पोर्शेनं तिच्यासाठी सोळा सिलिंडरची शर्यतीची गाडी आखली. इंजिन चालकाच्या पाठीमागे, जे त्या वेळी अघोरी वाटलं. होर्खच्या आवारातल्या शर्यत विभागात ती बांधली गेली. १९३६ चं टाइप सी मॉडेल पाचशेहून जास्त अश्वशक्तीचं होतं, आणि तिला काबूत ठेवणारा बेर्न्ड रोझेमायर मोटरसायकलवरून आलेला पोरगा होता. २८ जानेवारी १९३८ ला फ्रँकफुर्टजवळच्या महामार्गावर वेगाचा विक्रम मोडायला निघालेला रोझेमायर वाऱ्याच्या झोतात सापडून गेला. वय २८.

युद्ध संपल्यावर शर्यतीच्या या रुपेरी गाड्या सोव्हिएत सैन्यानं उचलून नेल्या. त्यातली एक मॉस्कोत भंगारात जायच्या बेतात होती. १९७० च्या दशकात रिगाच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी ती वाचवली. पुढे ऑडीनं त्यांना हुबेहूब प्रतिकृती करून दिली आणि मूळ गाडी परत आणली.

हातांची गोष्ट सांगायची तर युद्धाची वर्षं गाळता येत नाहीत. तेव्हा ऑटो युनियन लष्करासाठी वाहनं आणि यंत्रं बनवत होती, आणि बनवणारे हात राजीखुशीनं आलेले नव्हते. १९४४ मध्ये होर्खच्या कारखान्याशी फ्लॉसेनब्युर्ग छळछावणीची एक उपछावणी जोडली गेली. युद्धाच्या शेवटी तिथल्या कैद्यांना उपाशीपोटी पायी हाकलत नेलं, त्यात कित्येक मेले. ऑडीनं स्वतः नेमलेल्या इतिहासकारांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ऑटो युनियननं ३,७०० हून अधिक छावणीकैदी राबवले, शिवाय त्स्विकाऊ आणि केम्नित्समध्ये सुमारे १६,५०० वेठबिगार, असं त्यात निघालं. या व्यवस्थेची नैतिक जबाबदारी रिचर्ड ब्रून या प्रमुखावर ठेवली गेली. युद्धानंतर हाच ब्रून इंगोलश्टाटच्या नव्या ऑटो युनियनचा प्रमुख होता, आणि कंपनीच्या एका निवृत्तिवेतन योजनेला त्याचं नाव होतं. अभ्यास आल्यावर ते काढलं. कैद्यांची नावं चमकदार बॉनेटवर कोरलेली नसतात. कारखान्याचं कौतुक करताना ती आठवावी लागतात.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन आले, उन्हाळ्यात त्यांच्या जागी सोव्हिएत आले. यंत्रं उपटून आगगाडीत भरली गेली. ऑटो युनियनचं नाव १९४८ मध्ये नोंदवहीतून खोडलं गेलं. अधिकारी आणि काही अभियंते आधीच पश्चिमेला निसटले होते. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी इंगोलश्टाटला नवी ऑटो युनियन नोंदवली, चार कड्यांसकट. १९६५ मध्ये तिथं ‘ऑडी’ हे नाव पुन्हा गाडीवर चढलं, ते थेट मेलबर्नपर्यंत पोचलं. २००७ पासून तर मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, ऑडीच्या गाड्यांची जुळणी होते. नाव असं कुठंही नेता येतं.

त्स्विकाऊत मात्र राहिल्या रिकाम्या शेड, आणि कारागीर. त्यांना येत होतं तेच त्यांनी पुन्हा सुरू केलं. जुन्या ऑडी कारखान्यात युद्धाआधीची डीकेडब्ल्यू आयएफए एफ-८ या नव्या नावानं बनू लागली. पण गाडीला पत्रा लागतो. खोल दाबता येणारा पोलादी पत्रा पश्चिमेनं बंद केला होता, आणि सोव्हिएत बाजूला तो पुरेसा नव्हता. मग या गावानं काय केलं, ते संग्रहालयात हात लावून समजून घेण्यासारखं आहे.

सोव्हिएत युनियनकडून कापसाचा कचरा यायचा. गिरणीला नको असलेले आखूड तंतू. ते पिंजून, पातळ थर करून त्यावर फिनॉल राळेची भुकटी पसरायची. गोधडीसारखे एकावर एक थर रचायचे, आणि तो जाड, मऊ गठ्ठा तापलेल्या साच्यात मोठ्या दाबाखाली ठेवायचा. काही मिनिटांत मडगार्ड किंवा दरवाजा बाहेर. याचं नाव ड्युरोप्लास्ट. टिचकी मारली तर पत्र्यासारखा खणखणत नाही, दबका ठक्क असा आवाज येतो. गंजत नाही, हलका असतो, पण वितळवून पुन्हा वापरता येत नाही. १९५५ च्या पी-७० या गाडीला सबंध अंग याचं होतं. ‘पुठ्ठ्याची गाडी’ म्हणून पश्चिमेनं पुढे जी टवाळी केली ती या मालाची. पुठ्ठा त्यात कधीच नव्हता.

१९५७ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या त्राबांट बाहेर पडल्या. सोव्हिएतांचा स्पुटनिक नुकताच आकाशात गेला होता, म्हणून उपग्रहावरून हे नाव. पुढच्या वर्षी होर्ख आणि ऑडी, पन्नास वर्षांपूर्वी भांडणातून वेगळी झालेली दोन आवारं, सरकारी हुकमानं एक झाली: झाक्सेनरिंग कारखाना. होर्खला जे जमलं नाही ते समाजवादी पक्षाच्या एका कागदानं करून टाकलं.

त्राबांटचं बॉनेट उघडून पाहावं. लुना, चेतक किंवा जुनी रिक्षा चालवलेल्या मराठी माणसाला आत सगळं ओळखीचं वाटेल. दोन सिलिंडरचं, हवेनं गार होणारं सहाशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आडवं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, म्हणजे आपल्याकडचं टू-टी. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वरच, त्यामुळे पेट्रोल आपोआप खाली उतरतं, पंपाची गरज नाही. बहुतेक गाड्यांत पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटाही नाही. झाकण काढायचं, खुणांची पट्टी बुडवायची, बाहेर काढून ओली किती ते बघायचं. व्हॉल्व्ह नाहीत, रेडिएटर नाही, बिघडायला फारसं काही नाहीच. रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त होणारी गाडी. आणि रासमुसेननं दीड महिन्यात करून घेतलेल्या एफ-१ चं आडवं इंजिन आणि पुढची चाकं, तीच रचना, हिच्या पोटात जशीच्या तशी आहे. इंगोलश्टाटला कडी गेली. वंश मात्र इथं चालू राहिला.

तो तसाच थिजून राहिला, हा दोष मात्र त्राबांटच्या माथी मारला जातो, आणि तो अन्याय आहे. १९६४ ला आलेली पी-६०१ जवळजवळ तशीच पंचवीस वर्षं बनत राहिली, पण त्स्विकाऊचे अभियंते झोपले नव्हते. साठच्या दशकात त्यांनी पी-६०३ नावाची, मागे उघडणारं दार असलेली आधुनिक छोटी गाडी तयार केली होती. फोक्सवागन गोल्फ येण्याच्या कितीतरी आधी. १९६८ मध्ये बर्लिनच्या पक्षश्रेष्ठींनी काम थांबवलं. पुढची पी-६१० सुद्धा १९७९ मध्ये अशीच गुंडाळली गेली. खर्च नको, धोका नको. ज्यांना गाडी बनवता येत होती त्यांना बनवू दिली नाही, आणि मग हसायला ते बनवणारेच सापडले.

लोकांनी मात्र तिच्यावर संसार केला. टपावर तंबू लावून सुटीला गेले, वर्षानुवर्षं सुटे भाग साठवले. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली, तेव्हा याच गाड्यांच्या रांगा पश्चिमेत शिरल्या, आणि काही महिन्यांत त्याच माणसांना ती नकोशी झाली. शेवटच्या मॉडेलमध्ये फोक्सवागन पोलोचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं, पण वेळ निघून गेली होती. ३० एप्रिल १९९१ ला त्राबांट थांबली. एकूण ३०,९६,०९९ गाड्या झाल्या होत्या.

जुन्या गाड्यांची संग्रहालयं श्रीमंतांच्या गॅरेजसारखी असतात. पॉलिश, दोरी, ‘हात लावू नका’. त्स्विकाऊचं मोठेपण एवढंच आहे की होर्ख ८५३ आणि ड्युरोप्लास्टचा दरवाजा इथं एकाच मानानं ठेवले आहेत. त्राबांटची लाज वाटून तिला कोपऱ्यात ढकललेलं नाही, आणि निम्मी मालकी ऑडीची असूनही चार कड्यांचा उदो उदो करत बाकीचं झाकलेलं नाही. जर्मनीला जाणारा मराठी माणूस म्युनिकचं बीएमडब्ल्यू आणि श्टुटगार्टचं मर्सिडीज पाहून परततो. त्यानं लाइपझिगहून एक दिवस काढून इथं यावं. एवढं मोठं वळण एका गावाच्या हाती आलेलं दुसरीकडे सहसा दिसत नाही.

गावाचं काम थांबलेलं नाही. १९९० च्या मे महिन्यात, दोन्ही जर्मनी एक होण्याआधीच, शहराच्या उत्तर टोकाला मोझेल इथं फोक्सवागननं पोलोची जुळणी सुरू केली. त्राबांटचे कामगार तिकडे गेले. पुढची तीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी गोल्फ आणि पासाट बनवल्या. जून २०२० मध्ये तिथून शेवटची पेट्रोलवरची गोल्फ निघाली आणि कारखाना पूर्णपणे विजेच्या गाड्यांकडे वळला. २०२१ पासून त्यात ऑडीची क्यू-४ ई-ट्रॉनही बनते. ऐंशीएक वर्षांनी गावात पुन्हा ऑडी बनू लागली, आणि बनवणाऱ्यांत कुणाच्या आज्यानं एफ-८ जोडली असेल, कुणाच्या आईनं ड्युरोप्लास्ट दाबलं असेल.

मग विजेच्या गाड्यांची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही. २० डिसेंबर २०२४ ला फोक्सवागन आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. त्यानुसार २०२७ पासून त्स्विकाऊतल्या बाकीच्या गाड्या दुसरीकडे जाणार आणि इथं ऑडीच तेवढी राहणार. कारखाना बंद होणार नाही, पण चालेल तो एकाच जुळणीमार्गावर. त्याच करारात २०३० पर्यंत जर्मनीतल्या फोक्सवागनच्या ३५ हजारांहून अधिक जागा कमी करायचं ठरलं आहे.